नेल गन हातात घेण्याआधी

गॉगल, बूट, कानात बोळे यावर वेळ घालवत नाही. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, तो बाजूने उघडा असतो, एवढं ऐका.

आता कप्लर, म्हणजे हवेचा पाइप गनला जोडणारा जोड. अडकलेली पिन (गनमधला बारीक खिळा) काढायची असो, पिना भरायच्या असोत, गन दुसऱ्याकडे द्यायची असो की शिडी चढायची असो, आधी पाइप कप्लरमधून ओढून काढा. कॉम्प्रेसरचं बटण बंद करणं म्हणजे पाइप काढणं नव्हे. मागच्या वेळी मी बटणच बंद केलं होतं. टाकीत हवा, पाइपात हवा, गनमध्येही हवा. अडकलेल्या पिनेला पक्कड लावताना दुसऱ्या हाताचं बोट खटक्यावर गेलं आणि अंगठ्याचं नख गेलं. म्हणून म्हणतो, पाइप काढा. काढताना फुस्स आवाज झाला पाहिजे. झाला नाही तर कप्लर उलटा बसवलाय का बघा. झडपवाला भाग पाइपाच्या टोकाला हवा आणि गनला नुसता निपल (कप्लरमध्ये घुसणारं तोंड). उलट असेल तर पाइप निघतो, पण हवा गनमध्येच कोंडून राहते, म्हणजे काढूनही न काढल्यासारखंच.

प्रेशर. एफ ३० सारख्या (३० मिमी लांबीच्या) पिनांच्या गनला साधारण ६० ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं, नेमका आकडा गनवर छापलेला असतो. कमीपासून सुरू करा, टाकाऊ तुकड्यावर दोन पिना मारा, डोकं वर राहिलं तर थोडं वाढवा. पिन आत जात नाही म्हणून प्रेशरचा काटा शेवटपर्यंत नेणारे महाभाग आहेत. त्यांच्या गनचे ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) आधी जातात. लाइट गेली म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर जोडायचं मनातही आणू नका. गनमध्ये तेल असतं, तेल आणि दाबातला ऑक्सिजन मिळून स्फोट होतो.

पिनेची लांबी मोजा. १२ मिमीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून ३० मिमीची पिन मारली तर ६ मिमी पलीकडे निघणार, आणि खालून पट्टी धरणारा हात नेमका तिथेच असतो. शिवाय १८ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) पिन बारीक. गाठ लागली की वळते, आणि सागाच्या पट्टीत रेषेबरोबर सरकत बाजूने बाहेर येते. हात गनच्या तोंडापासून निदान ३० सेंमी लांब ठेवा. बीडिंग (कडेला लावायची पट्टी) बारीक असेल तर हाताने धरूच नका, क्लॅम्प लावा. क्लॅम्प शोधायला उठताना? पाइप काढा.

तोंडाशी सेफ्टी (तोंड लाकडावर टेकल्याशिवाय पिन न सोडणारा भाग) असेल तर ती तारेने बांधून ठेवू नका. भरभर काम होतं म्हणे! काही गनना ती नसतेच, तिथे बोट खटक्याबाहेरच राहू द्या. खटका दाबून धरून नुसतं तोंड टेकवत जायची पद्धत बाकं-खोक्यांच्या कामात चालत असेल, वर्कशॉपमध्ये नको. गन झटक्याने उसळून पुन्हा टेकते आणि दुसरी पिन सुटते.

काम संपलं की पाइप काढा (हो, परत), पिना बाहेर, निपलमध्ये दोन थेंब एअर टूलचं तेल. टाकीतली हवा सोडून खालच्या नळीतून पाणी काढा, पावसाळ्यात तर रोज. बाकी आवराआवर तुमची तुम्ही बघा.