आवडत्या रनिंग शूजचं मॉडेल बंद झालं, तर पर्याय कसा शोधायचा

दुकानदाराने "हे मॉडेल आता येत नाही" असं सांगितलं की बहुतेक जण घाईत दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्याच नावाचा पुढचा नंबर डोळे मिटून घेतात. बाकीचे "सगळ्यात मऊ कोणता?" असं विचारून जो हातात पडेल तो घरी आणतात. जुन्या बुटात पाय नेमका कशाला सरावला होता, हे दोन्ही वेळा तपासायचं राहून जातं. महिनाभराने पोटरी धरते, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं, आणि खापर फुटतं कंपनीवर.

म्हणून शोध सुरू करायचा तो चपलांच्या स्टँडवर पडलेल्या जुन्या जोडापासून. नवा जोड अंगवळणी पडेपर्यंत तो टाकू नका.

नावावर जाऊ नका

पहिल्यांदा बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल वाचा. तिथे साइज, सेंटिमीटरमधली लांबी, स्टाइल कोड (कंपनीचा त्या मॉडेलचा क्रमांक) आणि बऱ्याच कंपन्यांच्या बाबतीत बनवल्याची तारीखही असते. लेबल घासून पुसट व्हायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तो अनेकदा लागतो.

नाव किती फसवतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे नायकीचा पेगासस टर्बो. तो २०१८ मध्ये आला. ड्रॉप, म्हणजे टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक, १० मिमी. मिडसोलमध्ये, म्हणजे पाय आणि तळाचं रबर यांच्यामधल्या जाड थरात, वर झूमएक्स फोम आणि खाली रिॲक्ट फोम. २०१९ मध्ये टर्बो २ आला आणि मग ही जोडी बंद झाली. २०२२ मध्ये 'टर्बो' हेच नाव लावून नेक्स्ट नेचर आला, पण त्याचा तळ वेगळ्या पद्धतीने बांधलेला होता. २०२४ च्या पेगासस प्लसच्या नावात टर्बो नाही, मात्र पूर्ण लांबीचा झूमएक्स आणि १० मिमी ड्रॉप आहे. जुन्या टर्बोवर जीव असलेल्याने आधी प्लस पायात घालून पाहावा, पण तोही हुबेहूब जुळेल असं धरून चालू नये, कारण खालचा रिॲक्टचा थर गेला की पावलाखालचा कडकपणा बदलतो.

याच्या उलटही घडतं. नाव तेच राहतं आणि बूट आतून बदलतो. ब्रुक्सच्या ॲड्रेनालिन जीटीएस १९ पासून आतल्या बाजूचा, पाऊल आत कलू न देणारा कडक फोम गेला आणि त्याऐवजी टाचेच्या दोन्ही बाजूंना गाइडरेल्स नावाच्या आधाराच्या पट्ट्या आल्या. ॲसिक्सच्या जेल-कायानो ३० मध्येही (२०२३) आतल्या बाजूचा कडक आधार काढून टाकला. होका क्लिफ्टनचा ड्रॉप वर्षानुवर्षं ५ मिमी होता, दहाव्या आवृत्तीत तो ८ झाला. ब्रुक्स घोस्ट १७ मध्ये १२ चा १० झाला. असा बदल झालेला असेल, तर तुमच्यापुरतं जुनं मॉडेल बंदच झालं आहे.

जुन्या जोडाचं टिपण

एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. साहित्य घरातलंच लागतं: दोन पट्ट्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा, पेन्सिल.

इनसोल, म्हणजे बुटातली सुटी निघणारी गादी, बाहेर काढा. त्यावर टाच, चवडा आणि बोटं यांचे काळपट ठसे उमटलेले असतात. अंगठ्याच्या ठशाच्या टोकापासून इनसोलच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. सुखाने पळत होता त्या बुटात ते साधारण १० ते १२ मिमी भरायला हवं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद जागी इनसोलची रुंदी मोजा आणि बोटांच्या मुळाशी आणखी एकदा. दुसरं माप बहुतेक जण घेत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच होते. चवड्याला प्रशस्त असलेला बूट पुढे निमुळता झाला की करंगळी चेंगरते. करंगळीचा ठसा इनसोलच्या कडेवरून बाहेर सांडलेला दिसला, तर तो बूटही तुम्हाला अरुंदच होता. नवा घेताना तीच कमतरता पुन्हा विकत घेऊ नका.

आता टाचेखालची जाडी. इनसोल परत आत घाला, बूट सपाट टेबलावर ठेवा आणि घोट्याजवळच्या दोन्ही कडांवर एक पट्टी आडवी टाका. टेबलापासून त्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची घ्या, समजा ८५ मिमी. मग दुसरी पट्टी सरळ खाली टाचेच्या मध्यावर टेकवून आतली खोली घ्या, समजा ५२. वजाबाकी ३३, म्हणजे टाचेखाली ३३ मिमी जाडी. चवड्याखालची जाडी अशी मोजता येत नाही. त्यासाठी कंपनीने दिलेला ड्रॉप टाचेच्या आकड्यातून वजा करा. त्याच मॉडेलचा आणखी जुना, पार झिजलेला जोड घरात असेल, तर त्यातला एक बूट लोखंडी करवतीने टाचेपासून टोकापर्यंत मधोमध कापता येतो. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमात बुटाच्या आतल्या लांबीच्या १२ आणि ७५ टक्क्यांवर जाडी मोजतात. २८० मिमी लांबीच्या बुटात या जागा टाचेकडून साधारण ३४ आणि २१० मिमीवर येतात.

दोन गोष्टींचं भान ठेवा. वापरलेला फोम दबलेला असतो, त्यामुळे घरचा आकडा थोडा कमीच येणार. आणि काही कंपन्या जाहीर जाडीत इनसोल धरतात, काही धरत नाहीत. तेवढ्याने चार-पाच मिलिमीटरचा फरक दिसू शकतो. इनसोलची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असल्याने ड्रॉपवर याचा परिणाम कमी होतो. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना जाडीपेक्षा ड्रॉपच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवावा.

वजन काट्यावर करा. जाहिरातीतलं वजन पुरुषांच्या बाबतीत बहुधा अमेरिकन ९ साइजचं असतं. तुमचा बूट १० असेल तर तो जड भरणारच.

उरलेल्या चाचण्या हाताच्या. बूट टोकाला आणि टाचेला धरून वाकवा. तो चवड्याच्या रेषेत दुमडतो, की अख्खा ताठ राहून फक्त टोक वर उचललेलं आहे? ताठ आणि वर वळलेला असेल, तर तो रॉकर. ओला कपडा पिळतात तसा पिळून पाहा. टाचेचा मागचा वाटीसारखा भाग चिमटीत दाबा, कडक आहे की मऊ. मिडसोलची आतली बाजू अंगठ्याने दाबा. बाहेरच्या बाजूपेक्षा ती टणक लागली किंवा तिथे वेगळ्या, बहुधा करड्या रंगाचा फोम दिसला, तर बुटाला आतून आधार आहे. शेवटी तळाची झीज बघा. टाचेची बाहेरची कड झिजणं अगदी सर्वसाधारण आहे, त्यावरून काही ठरवू नका. दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहताना एखादा आत कललेला दिसला, तर आधाराचा विचार करावा लागेल.

कशावर अडून बसायचं

कागदावर दहा गोष्टी झाल्या. दहाही जुळणारा बूट मिळणार नाही, म्हणून यातल्या तीनच पक्क्या धरा. आमच्या मते पहिला मान पुढच्या भागाच्या आकाराला, दुसरा ड्रॉपला (२ मिमी इकडेतिकडे चालतं), तिसरा आधार आहे की नाही याला. जाडी आणि वजन त्यानंतर. रंग आणि जाळीचं कापड यांची गणती नको.

फोमची जातही पाहा, कारण बुटाचा 'स्वभाव' त्यात असतो. ईव्हीए शांत आणि स्वस्त. आदिदासच्या बूस्टसारखा टीपीयू जड, पण टिकाऊ. पेबा हलका आणि उसळी देणारा, किंमतही तशीच. ईव्हीएच्या सवयीचा पाय पेबावर गेला की पहिल्या दिवशी हरखून जातो. मात्र घोटा डळमळीत असेल, तर वळणांवर आणि उतारावर त्रास होतो. रोजच्या सावकाश धावांसाठी जुन्या फोमच्याच जातीत राहणं जास्त सुरक्षित.

आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी तळाचं रबरही तपासावं. वजन वाचवायला बऱ्याच नव्या बुटांत रबराचे मोजकेच तुकडे लावतात आणि बाकी फोम उघडा ठेवतात. शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा गुळगुळीत सिमेंटवर उघडा फोम घसरतो. जून ते सप्टेंबर बाहेर पळणाऱ्याने चवड्याखाली सलग रबर आहे ना, हे उलटून पाहावं.

साइजचा घोळ

भारतात यूके नंबर चालतो, पण तो कंपनीगणिक बदलतो. यूके ८ म्हणजे नायकी आणि ॲसिक्समध्ये २७ सेंटिमीटर, आदिदासमध्ये २६.५. जुना नायकी ८ होता म्हणून आदिदासही ८ मागवला, तर अर्धा सेंटिमीटर कमी पडतो. पुढे मोकळं ठेवायचं अंतरच १० ते १२ मिमी आहे, हे लक्षात घेतलं की त्याची किंमत कळते. मागवताना लेबलवरचे सेंटिमीटर जुळवा.

पाय संध्याकाळी मोजा, दिवसभरात तो थोडा सुजतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, पूर्ण वजन टाका, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. रुंदीसाठी पुरुषांत डी म्हणजे नेहमीची, २ई रुंद, ४ई फार रुंद. बायकांत बी नेहमीची आणि डी रुंद. आपल्याकडच्या दुकानांत रुंद साचे कमी ठेवतात. बायकांना रुंद बूट मिळत नसेल, तर त्याच मॉडेलचा पुरुषांचा बूट त्याच सेंटिमीटरमध्ये घालून पाहावा. त्याची नेहमीची रुंदीच डी असते.

जुना साठा मिळाला तर

बंद मॉडेलचे शिल्लक जोड ऑनलाइन सापडतात. नावाने शोधण्यापेक्षा लेबलवरचा स्टाइल कोड टाकून शोधा. विक्रेत्याकडून जिभेच्या लेबलचा फोटो मागवा. कोड मॉडेलशी जुळत नसेल किंवा फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल, तर सोडून द्या.

बनून तीन वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर सूट कितीही असो, आम्ही नको म्हणू. खोक्यात बंद असला तरी फोम हळूहळू कडक होतो आणि गोंद सुकतो. पॉलियुरेथेन असलेला तळ तर हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत पडून राहिलेल्या अशा बुटाचा तळ पहिल्या-दुसऱ्या धावेतच भुगा होऊन गळू शकतो. हातात आल्यावर तळ आणि कापड यांच्या सांध्यावर नख फिरवा, पांढरा फोम पिवळा पडलाय का बघा, मिडसोल दाबून तो लगेच वर येतो का पाहा.

साठा करायचाच असेल, तर हिशेब करा. एक जोड ५०० ते ८०० किमी चालतो. आठवड्याला ४० किमी पळणाऱ्याचे ६०० किमी पंधरा आठवड्यांत होतात. म्हणजे दोन जोड जवळजवळ सात महिने पुरतात. त्याहून जास्त साठवू नका. ठेवताना ऊन आणि गाडीची डिकी टाळा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

घालून पाहताना

पळताना घालता तेच मोजे न्या आणि जुना जोडही बरोबर घ्या. जुन्याचं इनसोल काढून नव्याच्या इनसोलवर ठेवा. पुढचा आकार जुळतो की नाही, हे दहा सेकंदांत कळतं. मग एका पायात जुना, दुसऱ्यात नवा घालून उभे राहा. टाच कुठे उंच, कमान कुठे टोचते, ते असं बाजूबाजूला लगेच जाणवतं. त्यानंतर दोन्ही पायांत नवे घालून दुकानातच थोडं पळा. ऑनलाइन घेतला असेल, तर घरात स्वच्छ फरशीवरच घाला आणि टॅग काढू नका, कारण तळाला माती लागली की बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.

टाच उचलली जात असेल, तर लगेच लहान साइज घेऊ नका. सर्वांत वरच्या जादा भोकातून त्याच बाजूला नाडीचा फास करा, समोरची नाडी त्यातून ओवा आणि ओढून बांधा. बहुतेक वेळा टाच जागेवर बसते.

सवय लावताना

ड्रॉप आणि फोम जुन्यासारखेच असतील, तर आठवडाभरात जोड रुळतो. ड्रॉपमध्ये ४ मिमी किंवा त्याहून जास्त फरक पडला असेल, तर चार ते सहा आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात नव्यात एकच सावकाश धाव, ३-४ किमीची. दुसऱ्यात दोन. बाकी धावा जुन्या जोडात. तिसऱ्या आठवड्यापासून निम्म्या धावा नव्यात, आणि लाँग रन सर्वांत शेवटी. या काळात किलोमीटर वाढवू नका, चढावाचे सरावही नकोत.

दुखलं तर कुठे दुखतं ते बघा. पोटरी किंवा टाचेमागची शीर धरली, तर ड्रॉप कमी झालाय. गुडघ्यावर ताण जाणवायला लागला, तर वाढलेला ड्रॉप तपासा. बोटं बधिर होत असतील, तर आधी चवड्यावरची नाडी सैल करा, त्याने थांबलं नाही तर रुंदी कमी आहे. नख काळं पडलं, तर लांबी कमी आहे किंवा उतारावर पाय पुढे सरकतो. कमानीत एकाच जागी फोड येत असेल, तर बुटाची कमान तुमच्या कमानीच्या जागी नाही. ते रुळल्याने सुधारत नाही, तो जोड बदला. दुखणं दोन आठवडे विश्रांती घेऊनही टिकलं, तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्यासाठी नवा बूट हवा असेल, तर शोध सप्टेंबरमध्ये सुरू करा, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यावर १०० किमी आणि निदान एक २५ किमीची धाव होते. एखादा जोड नीट जुळला, की त्याच आवृत्तीचा दुसरा लगेच घ्या आणि त्याच्याही जिभेच्या लेबलचा फोटो जुन्या फोटोशेजारी ठेवा.