प्राणीकल्याण संस्थेने मोहीम केव्हा उघडावी आणि खटला केव्हा भरावा

इंग्लंड आणि वेल्समधील प्राणीकल्याण संस्थांच्या विश्वस्तांपुढे दोन प्रश्न वारंवार येतात: कायदा बदलून घेण्यासाठी राजकीय मोहीम चालवावी का, आणि प्राण्यांचा छळ करणाऱ्यावर संस्थेने स्वतः फौजदारी खटला भरावा का. माझे उत्तर असे, की मोहीम चालवावीच, खटला अन्य सर्व वाटा बंद झाल्यावरच भरावा, आणि ज्या कायद्यासाठी किंवा ज्या प्रथेविरुद्ध आपली मोहीम चालू आहे त्या विषयावर खटला कधीच भरू नये. हे प्रत्यक्षात कसे आणावे ते पुढे मांडले आहे.

खटल्याचा अधिकार संस्थांकडे आला कसा, हे आधी समजून घ्यावे. आज आरएसपीसीए म्हणून ओळखली जाणारी, प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठीची संस्था १८२४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली, तेव्हा गुरांच्या छळाविरुद्धचा कायदा दोनच वर्षांचा होता आणि तो अमलात आणणारे कोणी नव्हते; लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये उभे राहिले, तर सरकारतर्फे खटले चालवणारी क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस थेट १९८६ मध्ये. संस्थेने निरीक्षक नेमून खटले भरले, कारण तिने ते भरले नसते तर कोणीच भरले नसते. १९८५ च्या प्रॉसिक्यूशन ऑफ ऑफेन्सेस ॲक्टच्या कलम ६ ने खासगी खटल्याचा हक्क कायम ठेवला, मात्र असा खटला सरकारी अभियोक्त्याला आपल्याकडे घेता येतो आणि तो बंदही करता येतो. म्हणून विश्वस्तांनी प्रत्येक वेळी हेच विचारावे, की आज या प्रकरणात खटला भरणारे दुसरे खरोखरच कोणी नाही का.

मोहिमेचा विचार करताना प्रथम संस्थेची घटना उघडून उद्दिष्टाचे कलम वाचावे. प्राणीकल्याणाची वृद्धी हे चॅरिटीज ॲक्ट २०११ नुसार धर्मादाय उद्दिष्ट आहे. कायदा बदलणे हे मात्र स्वतःच उद्दिष्ट होऊ शकत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रकरणात तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४७ मध्ये हेच ठरवले आणि त्या संस्थेचा धर्मादाय दर्जा गेला. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनची भूमिकाही हीच आहे: राजकीय काम उद्दिष्टाला पूरक असेल तर चालते, पण तेच संस्थेचे एकमेव आणि कायमचे काम होता कामा नये, आणि कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. तेव्हा मोहिमेच्या ठरावात एक वाक्य असे हवेच, की या बदलामुळे कोणत्या प्राण्यांचे कोणते हाल कमी होतील. ते वाक्य लिहिता येत नसेल तर ठराव मागे घ्यावा.

‘राजकारणात पडू नये’ असे म्हणणाऱ्या विश्वस्तांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर ॲक्ट २००६ खाली प्राण्याला अनावश्यक यातना देण्याची कमाल शिक्षा अनेक वर्षे सहा महिन्यांचीच होती. बॅटरसीसारख्या निवारा चालवणाऱ्या संस्थांनी चिकाटीने मागणी लावून धरली आणि २०२१ च्या कायद्याने ही कमाल शिक्षा पाच वर्षांवर गेली. जखमी कुत्र्यांवर कितीही उपचार केले असते, तरी त्यातून हा बदल झाला नसता.

मजकूर लिहिताना मात्र एकेक शब्द तपासावा. ‘शिक्षेची मर्यादा वाढवण्याच्या विधेयकाला पाठिंबा द्यावा, अशी विनंती आपल्या खासदारांना करा’ हे वाक्य चालते. ‘विधेयकाला विरोध करणाऱ्यांना निवडणुकीत धडा शिकवा’ हे चालत नाही, मग भावना कितीही न्याय्य असो. सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीच्या बारा महिन्यांत मतदारांवर प्रभाव पाडणारा वाटावा असा प्रचारखर्च १०,००० पौंडांपलीकडे जाणार असेल, तर निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी लागते. निवडणूक अचानकही जाहीर होत असल्याने हा हिशेब सदैव तयार ठेवलेला बरा.

खटल्याकडे वळताना अधिक सावध राहावे लागते, कारण मोहीम फसली तर संस्थेचे नुकसान होते. खटला चुकला तर एका माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने सदोष संगणकप्रणालीच्या आधारे आपल्याच शेकडो उपपोस्टमास्तरांवर खटले भरले, आणि अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्यांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तपास करणारा, खटला भरणारा आणि निकालात हितसंबंध असणारा एकच असला की काय होते, ते तिथे दिसले. प्राणीकल्याण संस्थेचा हेतू शुद्ध असतो हे खरे, पण शुद्ध हेतूनेही माणूस आपल्या बाजूचाच पुरावा पाहतो.

त्यामुळे प्रकरण आधी पोलिसांकडे किंवा स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यावे आणि नकारही लेखीच मागावा. तपास करणाऱ्या निरीक्षकाने खटल्याचा निर्णय घेऊ नये. तो स्वतंत्र वकिलाने घ्यावा. शिक्षा होण्याची वास्तव शक्यता आहे का आणि खटला जनहिताचा आहे का, या सरकारी अभियोक्त्यांच्याच दोन कसोट्या त्याने लावाव्यात. मोहीम विभागाला या कागदांपर्यंत पोहोचता येऊ नये, आणि देणग्यांच्या आवाहनात चालू खटल्याचा उल्लेखही नसावा. आरोपीला उपयोगी पडेल असा पुरावा त्याच्या हाती देणे हे अभियोक्त्याचे कर्तव्य आहे. ते ज्या संस्थेला जड जाते, तिने खटल्याच्या वाटेला जाऊ नये.

उदाहरणादाखल वाढलेल्या खुरांमुळे लंगडणाऱ्या तट्टाचे प्रकरण घेऊ. ते पाहताच संताप येतो, परंतु संताप हा पुरावा नव्हे. खुरांशेजारी मोजपट्टी धरून घेतलेली छायाचित्रे, पशुवैद्याने त्याच दिवशी केलेली शरीरस्थितीची नोंद, आणि अशी अवस्था यायला किती महिने लागले असावेत याचे मत या गोष्टी लागतात. शिवाय मालकाला आधी कोणती सूचना दिली होती आणि तिचे काय झाले, याचीही नोंद हवी. मालक वृद्ध, आजारी आणि एकाकी निघाला, तर नालबंदाची व्यवस्था करून देणे आणि तट्टू स्वेच्छेने सोपवायला सांगणे यानेच काम भागते. अशा माणसाला न्यायालयात उभे करून त्या तट्टाचे काहीही भले होत नाही.

मोहीम आणि खटला एकत्र आले की काय होते, याचे उदाहरण म्हणजे हीथ्रॉप हंट या शिकारी मंडळावरचा खटला. हाउंड कुत्र्यांनिशी कोल्ह्यांची शिकार करण्यावर २००४ च्या हंटिंग ॲक्टने बंदी आली. आरएसपीसीए ही त्या बंदीची जुनी पुरस्कर्ती. तिने भरलेल्या खटल्यात २०१२ मध्ये आरोपींनी गुन्हा कबूल केला, म्हणजे खटला यशस्वी झाला. तरीही चर्चा झाली ती संस्थेने खर्चलेल्या ३ लाख २० हजारांहून अधिक पौंडांची. दंडाची एकूण रक्कम ७ हजार पौंडांच्याही आत होती, आणि एवढ्या खर्चाबद्दल न्यायाधीशांनी भर न्यायालयात आश्चर्य व्यक्त केले. गुन्हा खरा होता. पण ज्या कायद्यासाठी संस्था लढली त्याचीच अंमलबजावणी तिने हाती घेतल्यामुळे तो खटला अनेकांना सूडासारखा वाटला. २०१६ मध्ये खासदारांच्या समितीने आरएसपीसीएने नेहमीचे खटले सोडावेत अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही, पण २०२१ मध्ये संस्थेनेच खटले सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवण्याचा मनोदय जाहीर केला. स्कॉटलंडमध्ये तेथील संस्था तपास करून अहवाल सरकारी अभियोक्त्याकडे देते, आणि मला तीच रचना अधिक निकोप वाटते.

पैशाचा अंदाज ठरावापूर्वीच काढावा. यातनांचा गुन्हा २०२१ पासून गंभीर गुन्ह्यांसाठीच्या क्राउन कोर्टातही चालू शकतो, त्यामुळे अशा खटल्याचा वाजवी खर्च न्यायालय सरकारी निधीतून देऊ शकते. निगा न राखल्याचा, २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याच्या कलम ९ खालील गुन्हा किंवा हंटिंग ॲक्टखालील गुन्हा फक्त खालच्या पातळीवरील मॅजिस्ट्रेट कोर्टात चालतो, आणि तिथे ही सोय नाही. कलम ९ च्या प्रकरणात मुदतही आखूड आहे: पुरेसा पुरावा हाती आल्यापासून सहा महिने.

या हिशेबात प्राण्यांचा सांभाळही धरावा. संस्थेच्या निरीक्षकाला २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याखाली प्राणी ताब्यात घेण्याचा अधिकार नसतो. ते काम पोलीस किंवा प्राधिकरणाचे निरीक्षक करतात, आणि पुढे प्राणी बहुधा संस्थेच्या निवाऱ्यात येतात. खटला लांबला तर तरुण कुत्री महिनोन्‌महिने पिंजऱ्यात काढतात आणि माणसांत मिसळण्याची सवय गमावतात. म्हणून निकालाची वाट न पाहता त्याच कायद्याच्या कलम २० खाली न्यायालयाकडे अर्ज करावा, म्हणजे खटला चालू असतानाच ती नव्या घरी देण्याचा आदेश मिळू शकतो. हा अर्ज कोण आणि कधी करणार, हे खटल्याच्या ठरावातच नमूद करावे.