व्हॉट्सॲपसाठी स्वतःचा कार्टून अवतार आणि स्टिकर

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तयार अवतार काही मिनिटांत होतो. डिसेंबर २०२२ मध्ये ही सोय आली, सोबत ३६ स्टिकरही मिळाले. घाई असेल तर तेवढ्यावर भागतं. पण त्यातले हावभाव दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असतात. दुपारी दीड वाजता दार वाजवणाऱ्याकडे सदाशिव पेठेत ज्या नजरेने बघतात, ती नजर त्यात सापडणार नाही. ती हवी तर अवतार स्वतः काढावा लागतो.

आधी एक बरा फोटो हवा. खिडकीकडे तोंड करून उभे राहा, ब्यूटी फिल्टर बंद करा आणि पाच-सहा फुटांवरून दुसऱ्या कुणाला तरी फोटो काढायला सांगा. सेल्फी घेऊ नका. हातभर अंतरावरून नाक फुगतं आणि कान मागे जातात.

चित्र काढायला फोनवर आयबिसपेंट, संगणकावर क्रिटा हे ॲप पुरतं. स्टिकरचा अंतिम आकार ५१२ × ५१२ पिक्सेल, पण काम चौपट मोठ्या, म्हणजे २०४८ च्या कॅनव्हासवर करा. चारही बाजूंना ६४ पिक्सेल मोकळे सोडा. बाह्यरेषा २४ ते ३२ पिक्सेल जाड ठेवा. बारीक रेषा मोठ्या पडद्यावर सुंदर दिसतात आणि चॅटमध्ये गायब होतात.

साम्य नाक-डोळे हुबेहूब काढून येत नाही, ते बाह्याकृतीत असतं: केसांची ठेवण, चष्म्याची चौकट, मिशी, हनुवटी. यातल्या तीन गोष्टी निवडून थोड्या वाढवा, बाकी सोडून द्या. डोकं एकूण उंचीच्या निम्मं ठेवलं की चेहऱ्याला जागा मिळते. भुवया, डोळे आणि तोंड वेगवेगळ्या लेअरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर) काढा, म्हणजे पुढचे हावभाव करताना फक्त तेवढंच बदलावं लागतं. सगळ्यात जास्त काम भुवया करतात. स्कूटरवरचा स्कार्फ बांधलेला अवतार करणार असाल तर दुसरं काही उरतच नाही. वर गॉगलही चढवलात तर हावभावांचा नाद सोडा.

ढोल-ताशा पथकाचा पांढरा कुडता काढताना एक अडचण येते. स्टिकरभोवती पांढरी कड ठेवतात (मोठ्या कॅनव्हासवर ३२ पिक्सेल), ती नसेल तर काळे केस डार्क मोडमध्ये हरवतात. पण त्या कडेत पांढरा कुडताही विरघळतो. म्हणून कुडत्याला फिकट निळसर राखाडी रंग द्या.

मजकूर दोन-तीन शब्दांपुरताच: ‘बघू’, ‘हो का?’, ‘१ ते ४ बंद’. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) हे मोफत युनिकोड फाँट चांगले. जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फाँटमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला तर रिकामे चौकोन उमटतात किंवा दुसराच फाँट लागतो. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटली तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ (World-Ready) हा अक्षरमांडणीचा पर्याय निवडा. फार ठळक फाँटमध्ये ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात, तेव्हा एक पायरी हलकं वजन, म्हणजे कमी जाडीचं रूप घ्या.

शेवटी पार्श्वभूमीचा लेअर बंद करा, चित्र ५१२ वर आणा आणि पारदर्शक पीएनजी किंवा वेबपी म्हणून जतन करा. जेपीजी केलंत की मागे पांढरा चौकोन येतो. स्थिर स्टिकरची वेबपी फाइल १०० केबीच्या आत हवी. ती फुगली तर दोष बहुतेक वेळा रंगछटांचा किंवा ब्रशच्या खरबरीत पोताचा असतो. सपाट रंग वापरा. स्टिकरचा पॅक, म्हणजे संच करणार असाल तर त्यात किमान ३, कमाल ३० स्टिकर आणि ९६ × ९६ चं एक छोटं चिन्ह लागतं. हलते आणि स्थिर एका पॅकमध्ये चालत नाहीत.

घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी एवढं लक्षात घ्या: पाठवलेला स्टिकर कुणीही जतन करून पुढे ढकलू शकतो. तुम्ही संदेश पुसलात तरी त्यांच्याकडची प्रत राहते. म्हणून काकूंचा किंवा साहेबांचा अवतार त्यांना विचारल्याशिवाय करू नका.