लाकडी खांब बुडाशी सडतो: तपासताना आणि टिकवताना या चुका टाळा

महावितरणचे खांब आता सिमेंटचे नाहीतर लोखंडाचे. पण मीटरपासून विहिरीपर्यंत, फाटकापासून फार्महाऊसपर्यंत, बागेतल्या कॅमेऱ्यापर्यंत वायर न्यायला लोक स्वतःच्या खिशातून जे खांब उभे करतात, ते नागपूरच्या आसपास अजूनही बरेचदा लाकडीच असतात. लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून, बल्ल्या (गोल लाकडी खांब) आणायच्या, खड्डे करायचे, उभ्या करायच्या आणि संध्याकाळी दिवा लावायचा. मग काही पावसाळे गेले की मला फोन येतो, "खांब एकाएकी पडला जी."

लाकडी खांब एकाएकी पडत नाही. तो दोन-तीन वर्षं पडत असतो आणि आपण वरच्या वायरकडे बघत असतो. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल जमिनीत हवा नाही, वर उन्हात ओल नाही. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीच्या रेषेशी, वीतभर वर आणि दोन विती खाली. खांबाचं आयुष्य तेवढ्या पट्ट्यात ठरतं, आणि लोकांच्या बहुतेक चुकाही त्याच पट्ट्यात होतात.

बुडाशी सिमेंटचा ओटा

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त चीडही हिचीच येते. खांब उभा केला की भोवती काँक्रीट ओतायचं, वर घोटून गुळगुळीत ओटा करायचा. दिसायला पक्कं काम. मालक खूश, ठेकेदार खूश.

काटोल रोडला एका फार्महाऊसवर असंच झालं होतं. निलगिरीच्या बल्ल्या, प्रत्येकीभोवती काँक्रीट, ओट्यावर उरलेल्या टाइल्ससुद्धा लावलेल्या. खांबांना हिरवा ऑइलपेंट. तिसऱ्या उन्हाळ्यात मे महिन्यातल्या वादळात गोठ्याजवळचा खांब ओट्याच्या बरोबर वरून कडकन मोडला आणि वायरसकट टिनांवर पडला. त्या वेळी लाइन गेलेली होती म्हणून गोठ्यातली जनावरं वाचली. मालकाचं म्हणणं एकच, लाकूडवाल्यानं फसवलं. मोडलेला तुकडा वरून ठणठणीत होता, रंगही उडाला नव्हता. ओटा सब्बलीनं फोडला तेव्हा आतलं लाकूड घोटलेल्या खर्र्यासारखं ओलं, काळं आणि बोटानं उकरता येईल असं निघालं. मे महिन्यात! आजूबाजूच्या जमिनीला भेगा पडलेल्या, आणि काँक्रीटच्या आत मात्र ओल.

कारण साधं आहे. लाकूड उन्हाळ्यात आटतं, काँक्रीट आटत नाही. दोघांमध्ये काडी जाईल एवढी फट पडते. पावसाचं पाणी खांबावरून ओघळत येऊन सरळ त्या फटीत उतरतं, आणि खाली जायला वाट नसते. म्हणजे तुम्ही लाकडाभोवती पाण्याची टाकी बांधली. उरलेले खांब मी मालकासमोर पेचकस लावून दाखवले. एकाच्या बुडात पेचकस मुठीपर्यंत गेला. मग बोलणं थांबलं.

माझी पद्धत जुनीच आहे. खांबाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत, म्हणजे सहा मीटरच्या खांबाला एक मीटर, आणि काळ्या मातीत त्याहून थोडा जास्त. खड्ड्याच्या तळाला गिट्टी, म्हणजे पाणी झिरपून जातं. भोवती काळी माती परत भरायची नाही, मुरूम भरायचा. तोही एकदम ओतायचा नाही, वीत-वीत थर टाकून प्रत्येक थराला धुमस मारायचा. शेवटी खांबापासून बाहेर उतार देऊन माती चढवायची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खांबाभोवती हात जाईल एवढी भेग पडते आणि मृगाचं पहिलं पाणी त्या भेगेतून थेट बुडाशी जातं. मुरूम तसं करत नाही.

लोक म्हणतात, सिमेंटनं काम लवकर होतं. काँक्रीटला पाणी मारत बसावं लागतं, धुमस मारलेल्या मुरमावर त्याच संध्याकाळी वायर ओढता येते. लवकर होतं हा निव्वळ धुमस मारायचा कंटाळा आहे. ओटा आधीच केलेला असेल तर वरचा वीतभर भाग तरी फोडून काढा आणि लाकूड बघा.

छातीच्या उंचीवर एक हातोडी मारून "ओके"

आयटीआयमधून नवीन आलेली पोरं हे हमखास करतात. एकजण कळमेश्वरकडच्या एका बागेत खांबांची रांग तपासून चहा संपायच्या आत परत आला.

"काका, सगळे मस्त वाजतात."

"कुठं वाजवलेस?"

त्यानं छातीला हात लावून दाखवलं. छातीच्या उंचीवर वाजवलं तर नागपूरच्या उन्हात वाळलेला कोणताही खांब मस्तच वाजेल.

हातोडी जमिनीलगत सुरू करायची आणि खांबाभोवती फिरत हात पोचेल तिथपर्यंत वर जायचं. चांगलं लाकूड खणकन वाजतं आणि हातोडी उसळून हातात येते. पोकळ असेल तर आवाज घुमतो, सडलेलं असेल तर 'भद्द' होतं आणि हातोडी तिथंच बसते. पण उभ्या चिरा असलेला चांगला खांबही पोकळ वाजतो, आणि सुरुवातीची सड हातोडीला कळतच नाही. म्हणून हातोडी ही फक्त पहिली चौकशी. खरी तपासणी माती उकरल्यावर सुरू होते.

मी ती दिवाळीनंतर करतो. माती अजून मऊ असते, लाकडात पावसाळ्याची ओल असते, सड लपत नाही. मे महिन्यात केलीत तर टिकास बसणार नाही आणि लाकूड खोटं बोलेल. एका बाजूनं हातभर खोल उकरायचं, माती खरवडून लाकूड उघडं करायचं, पेचकस आडवा खुपसून उचकटायचा. लांब चिवट काडी निघाली तर लाकूड जिवंत आहे. आखूड तुकडा कटकन तुटला तर नाही. मग ती बाजू बुजवून दुसरी बाजू. चारी बाजूंनी एकदम उकरू नका, विशेषतः शेवटच्या किंवा वळणाच्या खांबाला. ताण तार, म्हणजे खांबाला मागून ओढून जमिनीत बांधलेली तार, ढिली असेल तर खांब तुमच्याच अंगावर येईल. आधी लाइन बंद, खांबाला दोर, मग टिकास.

शंका राहिली तर गिरमिट. जमिनीच्या रेषेपासून तिरपं, खाली जाणारं भोक पाडायचं आणि निघणारा भुसा हातावर घ्यायचा. कोरड्या वळ्या निघाल्या तर ठीक. काळपट ओला चुरा निघाला, किंवा गिरमिट एकदम सर्रकन आत गेलं, तर तिथं पोकळी आहे. तपासून झालं की भोक औषधात बुडवलेल्या खुंटीनं ठोकून बंद करायचं. उघडं ठेवलं तर तपासणीनंच सड आत घातली असं होतं. हे बहुतेकजण विसरतात.

आता थोडा हिशेब, कारण यात लोक बरोबर उलटं घाबरतात. वाऱ्याला तोंड द्यायची गोल खांबाची ताकद त्याच्या व्यासाच्या घनावर चालते. बुडाशी ६० सेंमी घेर म्हणजे व्यास साधारण १९ सेंमी. बाहेरून चहूबाजूंनी फक्त २ सेंमी लाकूड मऊ झालं तर व्यास उरला १५, आणि ताकद उरली निम्मी. उलट हाच खांब आतून बरोबर मध्यभागी पोकळ झाला आणि पोकळी त्याच्या निम्म्या व्यासाची असली, तर जाते फक्त सहा टक्क्यांच्या आसपास. लोक पोकळ आवाजाला घाबरून खांब बदलतात आणि बाहेरून मऊ झालेल्याला रंग मारून ठेवतात. मात्र पोकळी एका बाजूला सरकलेली असेल आणि तिकडे दोन बोटांचंच लाकूड उरलं असेल, तर तो खांब मी ठेवत नाही.

जळालेलं ऑइल

गॅरेजमधून काळं ऑइल आणून बुडाला फासणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. फुकट मिळतं, वास येतो, लाकूड काळं होतं, म्हणजे काहीतरी झालं असं वाटतं. ते नावापुरतं आत जातं, बुरशीला मारत नाही, आणि विहिरीजवळच्या जमिनीत उतरतं ते वेगळंच. डांबराचं तसंच: ओल्या लाकडावर जाड थर दिला की आतली ओल आतच राहते. बूड जाळून काळं करणं हे आजोबांच्या काळातलं. जळालेला थर तेवढा कठीण होतो, त्याच्या आतलं लाकूड जसंच्या तसं.

खरं औषध दाबाच्या टाकीत लाकडात शिरवतात. क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबरातून काढलेलं काळपट तेल आहे, तांबं-क्रोम-आर्सेनिकचं हिरवट औषध आहे. हे दुसरं देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये शोधलं आणि जगभरच्या खांबांना लागलं. काही खांबांचंच काम असेल आणि टाकी परवडत नसेल तर निदान बूड ड्रममध्ये उभं करा: क्रिओसोट ९० अंशांच्या आसपास काही तास तापवायचं आणि लाकूड त्यातच थंड होऊ द्यायचं. तापल्यावर लाकडातली हवा बाहेर पडते, थंड होताना औषध आत ओढलं जातं. लोक गरम असतानाच बल्ली बाहेर काढतात, कारण ट्रॅक्टर उभा असतो. मग ड्रम पेटवला कशाला? हातमोजे घाला, दुपारच्या उन्हात हे काम करू नका, क्रिओसोट लागलेली कातडी उन्हात भाजते. आणि उघड्या जाळावर ड्रम सोडून जाऊ नका.

उभ्या असलेल्या खांबासाठी मी टाकणखार दीड भाग आणि बोरिक अ‍ॅसिड एक भाग गरम पाण्यात कालवून लापशी करतो. मऊ लाकूड खरवडून काढायचं, उघड्या पट्ट्यावर ती थापायची आणि वरून जाड प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, चार बोटं जमिनीच्या वर येईल असं. बोरॉन पाण्यात विरघळतं, म्हणून ते ओल्या लाकडात आत शिरतं, आणि म्हणूनच प्लास्टिकशिवाय पहिल्या पावसात वाहूनही जातं. यानं सड थांबते. गेलेलं लाकूड परत येत नाही.

"सागवान आहे, त्याला काय होते?"

बल्ली बारीक असेल तर बरंच होतं. सागाचा टिकाऊपणा त्याच्या तपकिरी गाभ्यात आहे. बाहेरचं पांढरं लाकूड बाकीच्या कोणत्याही लाकडाइतकंच सडतं. रोपवनाच्या विरळणीतल्या बारीक बल्लीत गाभा मुठीएवढाही नसतो, आणि वर सांगितलेला घनाचा हिशेब इथंही लागू होतो. बरं, औषध शिरतं ते याच पांढऱ्या भागात, गाभ्यात जवळपास शिरत नाही. म्हणून हा पांढरा भाग तासून टाकू नका, त्याला औषध पाजा.

बाकीच्या चुका, पटापट:

साल न काढता बल्ली उभी करणं. सालीतून औषध जात नाही आणि किडे तिच्याखालीच राहतात.

ओल्या लाकडावर ब्रशनं औषध मारणं. आधी सावलीत, जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असं रचून वाळवा. थेट मे महिन्याच्या उन्हात टाकलंत तर उभी फाटेल.

औषध दिल्यानंतर बूड कापणं. खड्डा कमी पडला की हे हटकून करतात. लांबी कमी करायचीच असेल तर वरून करा, आणि कापलेल्या तोंडाला पुन्हा औषध लावा.

वरचं टोक सपाट ठेवणं. तिरपं कापा किंवा टिनाची टोपी ठोका.

उधईची मातीची नळी झाडून टाकली की उधई गेली असं समजणं. ती आतल्या बाजूनं चढतच असते. नळी दिसली की बुडाशी उकरून बघा.

ठिबकची नळी खांबाला गुंडाळून ठेवणं. बागेत झाडाला पाण्याचा ताण देतात आणि खांबाला वर्षभर थेंब-थेंब पाजतात, हे मी फार पाहिलं आहे.

फ्लेक्स आणि कंदील टांगायला खिळे ठोकणं, गुळवेल चढू देणं.

खांब महावितरणचा असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका. १९१२ वर कळवा.

आणि काढून टाकलेला हिरवट औषधाचा खांब चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. आर्सेनिक धुरात जातं आणि राखेत राहतं, आणि ती राख भांडी घासायला किंवा वांग्यांच्या वाफ्यात जाते. गोठ्याच्या आढ्याला वापरायचा असेल तर वापरा, गव्हाणीला नको, जनावर चाटतं.