उलटा खलनायक आणि आरशातला खलनायक: नवोदित कॉमिककारांसाठी बडोद्याहून

नायकाच्या नेमके उलट काढले की खलनायक आपोआप त्याचे प्रतिबिंब होतो, या समजुतीत मी चार वर्षे घालवली. दांडिया बाजारातल्या खोलीत बसून काढलेल्या माझ्या पहिल्या चोवीस पानी कॉमिकमध्ये नायकाचा पोशाख पांढरा होता, खलनायकाचा काळा; एक पाणी आणायचा, दुसरा आग लावायचा. ज्या संपादकांकडे ते पाठवले त्यांनी पहिल्या पानावर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहून परत केले, "हा खलनायक काढून टाकला तर नायकाचे काय बिघडेल?" काहीच बिघडत नव्हते, आणि हे स्वीकारायला मला वर्ष लागले.

उलटेपणा म्हणजे प्रतिबिंब नव्हे. आरशात आपलाच चेहरा दिसतो, फक्त डावे-उजवे बदलते. म्हणून दोघांची जखम एक हवी किंवा ध्यास एक हवा, आणि त्यानंतर दोघे काय करतात यात फरक पडायला हवा. 'एक्स-मेन' या अमेरिकन कॉमिकमध्ये १९६३ साली आलेला खलनायक मॅग्नेटो लष्करी तळ बळकावणारा सत्तापिपासू होता. नाझी छळछावणीतला त्याचा भूतकाळ १९८१ साली, १५० व्या अंकात पुढे आला. त्यानंतर नायकांचा गुरू प्रोफेसर एक्स याच्याशी असलेल्या त्याच्या वैराला खरे वजन आले, कारण म्युटंट (या दोघांसारखे, जन्मजात अद्भुत शक्ती असलेले) जगावेत ही तळमळ दोघांचीही आहे. एकाचा माणसांवर विश्वास आहे आणि दुसऱ्याने माणसांचे क्रौर्य भोगले आहे. तुमचा पहिला खलनायक सपाट निघाला तर खचू नका, या जोडीलाही अठरा वर्षे लागली.

मात्र खलनायकाला करुण बालपण चिकटवून मोकळे होऊ नका. ती जखम नायकालाही ठणकली पाहिजे. आणि चित्रांची वाहवा करून कथेविषयी गप्प राहणारा गुरू, माझ्या मते, लवकर सोडलेला बरा.

इथल्या विश्वामित्री नदीच्या २०१९ च्या पुरानंतर मी सगळे नव्याने लिहिले. आता नायकाचा भाऊ आणि खलनायकाची मुलगी एकाच रात्री वाहून जातात. नायक होडी घेऊन लोकांना वाचवतो. खलनायक दारे फोडून, धाक घालून नदीकाठची घरे रिकामी करवतो, कारण पुन्हा कोणी बुडू नये असे त्यालाही वाटते. अकराव्या पानावर पाणी चढत असते, एक म्हातारी घर सोडायला तयार नसते, आणि नायक तिच्या दाराची कडी तोडतो. ती चौकट मी चौथ्या पानावरच्या खलनायकाच्या चौकटीवरून, लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेवर) ठेवून, जशीच्या तशी गिरवली: तोच हात, तीच कडी. शर्टाची बाही तेवढी बदलली.