गरीवरची कोळंबी निसटू नये म्हणून

खाडीत गरवायला, म्हणजे गळानं मासे पकडायला बसलं की आमिष म्हणून लावलेली ताजी कोळंबी दोनदा फेकल्यावर मऊ पडते, लहान मासे आणि खेकडे ती कुरतडून नेतात आणि गरी, म्हणजे गळाचा आकडा, रिकामी वर येते. आदल्या रात्री कोळंबी मिठात घातली, तर हा त्रास बराच कमी होतो.

१. मध्यम आकाराची ताजी कोळंबी सोलून इंचभर लांबीचे तुकडे करा.

२. डब्यात एक थर जाड्या मिठाचा, एक कोळंबीचा असे रचा. मीठ सढळ हातानं घाला, इथं काटकसर नको. डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

३. सकाळी सुटलेलं पाणी ओतून टाका. तुकडे आकसून चिवट झालेले असतील. त्यांवर आणखी थोडं मीठ भुरभुरा.

४. गरी तुकड्यातून लांबीच्या दिशेनं ओवा, टोक मात्र उघडं राहू द्या. वरून शिवणाच्या बारीक दोऱ्याचे सात-आठ वेढे घट्ट द्या. तांबोशीसारख्या दणक्यानं ओढणाऱ्या माशासाठी हे वेढे मला फार मोलाचे वाटतात.

उरलेले तुकडे फ्रीजरमध्ये ठेवा. मिठामुळे ते दगडासारखे गोठत नाहीत, पुढच्या खेपेला लगेच वापरता येतात.

एक सांभाळा: वास मारणारी कोळंबी मिठात घालू नका, ती चिवट होत नाही, लगदाच राहते. आणि दोऱ्याचे, तंगुसाचे (गळाच्या नायलॉन दोरीचे) तुकडे खिशात घालून घरी आणा. किनाऱ्यावर पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.