ब्लूज आणि जॅझ: ऐकताना-वाजवताना या चुका टाळा

ब्लूज म्हणजे दुःखाचं संगीत आणि जॅझ म्हणजे सॅक्सोफोन, अशी वाटणी करून ऐकायला बसू नका. अमेरिकेतल्या मिसिसिपीकडच्या ज्यूक जॉइंटमध्ये (कृष्णवर्णीयांच्या नाच-गाण्याच्या अड्ड्यांत) लोक ब्लूजवर नाचत असत. वाद्यांवरूनही फरक ठरत नाही. एकाच १२ बारच्या (बार म्हणजे ४ मात्रांचा विभाग) आवर्तनाचं ब्लूजवादक आणि जॅझवादक काय करतात ते पाहा, तिथे फरक कळतो.

रेकॉर्डची तारीख ही जन्मतारीख धरू नका. जॅझची पहिली रेकॉर्ड १९१७ची, तर कृष्णवर्णीय गायिकेने गायलेल्या ब्लूजची पहिली, मेमी स्मिथची, १९२०ची. त्यावरून जॅझ आधीचं ठरत नाही. शिवाय १९१७ची रेकॉर्ड गोऱ्या वादकांची होती. तिलाच उगम मानलं तर श्रेय भलत्यांना जातं. गुलामगिरी संपल्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरच्या हाका, कामाची गाणी आणि चर्चमधली भजनं यांतून ब्लूज घडलं. न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रास बँड, रॅगटाइम (त्या काळचं पियानोवरचं तालप्रधान संगीत), युरोपीय शिक्षण घेतलेले क्रिओल (मिश्र वंशाचे) वादक आणि हेच ब्लूज एकत्र आले आणि जॅझ उभं राहिलं.

सर्वांत जास्त चुका गंधारात होतात. ब्लूज स्केल सरगममध्ये सांगायचं तर सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नि. पण गायक तो गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लावतो. गिटारवर ए पट्टीत तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर (पडद्यावर) सी स्वर मिळतो. तो जेमतेम पाव स्वर ओढा. अर्धा स्वर ओढलात की थेट शुद्ध गंधार होतो आणि रंग जातो. कीबोर्डवर मींड नाही, म्हणून कोमल गला निसटता स्पर्श करून शुद्ध गवर या.

कॉर्डही (एकत्र वाजवायचे स्वर) बदलू नका. ए सेव्हनचे ४ बार, डी सेव्हनचे २, ए सेव्हनचे २, मग ई सेव्हन, डी सेव्हन एकेक बार आणि शेवटी २ बार ए सेव्हन. सेव्हन्थ कॉर्ड (ए सेव्हनसारखा, कोमल नि असलेला) पुढच्या कॉर्डवर जाऊन सुटलाच पाहिजे, हा पुस्तकी नियम इथे लागू नाही. ए सेव्हन हेच घर. ए मायनर (कोमल गचा कॉर्ड) धरलात तर कोमल आणि शुद्ध गंधाराची ओढाताणच संपते. मायनर ब्लूज असतं, पण तो निराळा प्रकार.

जॅझवादक हेच आवर्तन बहुधा एफ किंवा बी फ्लॅटमध्ये घेतात, कारण ट्रम्पेट-सॅक्सोफोनला त्या पट्ट्या सोयीच्या. एफमध्ये आठव्या बारला डी सेव्हन, नवव्याला जी मायनर सेव्हन, दहाव्याला सी सेव्हन येतो. तिथेही सगळीकडे एफचं ब्लूज स्केलच फिरवलं, तर डी सेव्हनमधला एफ शार्प कधी ऐकूच येत नाही आणि कॉर्ड बदलल्याचं कळत नाही. आधी प्रत्येक कॉर्डचा फक्त गंधार (कॉर्डच्या नावाचा स्वर सा धरून येणारा ग) वाजवत आवर्तन पुरं करा: एफ सेव्हनला ए, बी फ्लॅट सेव्हनला डी, डी सेव्हनला एफ शार्प, जी मायनरला बी फ्लॅट, सी सेव्हनला ई.

लय हुकते ती बहुतेक पहिल्या मात्रेवर जोर दिल्यामुळे. मेट्रोनोम ६०वर लावा आणि प्रत्येक ठोका २ आणि ४ या मात्रांचा धरा. लय १२० होईल, आवर्तन २४ सेकंदांत संपेल. शफलमध्ये (ब्लूजच्या झुलत्या लयीत) मात्रेचे तीन भाग: पहिला स्वर दोन भाग टिकतो, दुसरा एक. द्रुत जॅझमध्ये मात्र हे प्रमाण सपाट होत जातं. तिथे तिप्पट मोजत बसलात तर वादन अडखळतं.

आणि जागा भरून टाकू नका. ब्लूजच्या ओळीला ४ बार असतात. गाणं साधारण दोनात संपतं, उरलेले दोन उत्तराचे. १९२५च्या ‘सेंट लुइस ब्लूज’मध्ये बेसी स्मिथची ओळ संपली की लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) उत्तर देतो, साथीला हार्मोनियमसारखा रीड ऑर्गन आहे. याच गाण्यात १६ बारचा एक भागही येतो, तेव्हा १२ मोजतानाही सावध राहा.